‘माहितीपट आहे’ असं सांगू नका: साहसपट आणि विज्ञानपट नव्या प्रेक्षकांपर्यंत कसे न्यावेत

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पहिल्यांदा खेळ लावला तेव्हा फलकावर मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘रविवारी सायंकाळी ७ वाजता विज्ञानविषयक माहितीपट. सर्वांनी अगत्य उपस्थित राहावे.’ नऊ जण आले. त्यातले दोघं हॉलची किल्ली घेऊन आलेले कमिटीवाले, एक वॉचमन आणि एक माझ्या सासूबाई. पुढच्या महिन्यात फलकावर एवढंच लिहिलं: ‘बारा मुलं आणि त्यांचा कोच गुहेत शिरले. बाहेर पाऊस सुरू झाला.’ खाली तारीख, वेळ. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या आणि तळमजल्यावरच्यांनी घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आणल्या.

दोन्ही खेळ एकाच जातीचे होते, खरी माणसं आणि खऱ्या घटना. फरक पडला तो बोलावण्यात. तेव्हापासून दर महिन्याला हा उद्योग चालू आहे आणि लोकांना अशा फिल्म्सपर्यंत आणायचं कसं, हे चुका करत करत थोडंफार जमायला लागलंय. तुम्हाला सोसायटीत, शाळेत, वाचनालयात किंवा ट्रेकिंग ग्रुपमध्ये असं काही सुरू करायचं असेल, तर खालचा क्रम उपयोगी पडेल.

आधी तो शब्द फलकावरून काढा

‘माहितीपट’ या शब्दातच ‘माहिती’ आहे, आणि रविवारी संध्याकाळी माहिती कुणालाच नको असते. त्याआधीचा शब्द ‘अनुबोधपट’, त्यात तर बोधही आला. पन्नाशीपुढच्या माणसाला हा शब्द ऐकला की थिएटर आठवतं: मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची फिल्म लागायची, कुठलं तरी धरण, कुठली तरी लसीकरण मोहीम, आणि तो खर्जातला आवाज. १९४८ साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेत फार चांगली कामं झाली. पण थिएटरवाल्यांना ती दाखवणं सक्तीचं होतं, आणि सक्तीची गोष्ट लोक बाहेर उभं राहून समोसा खात टाळतात. त्या समोशाचा हिशेब आपल्याला आज चुकवावा लागतो.

तरुणांना ‘डॉक्युमेंटरी’ म्हटलं की शाळेचा प्रोजेक्ट आठवतो. तेव्हा तोही शब्द नको. आम्ही ‘फिल्म’ म्हणतो, फार तर ‘खरी गोष्ट’.

फलकावर तीनच गोष्टी याव्यात: कोण, कुठे, आणि काय अडलंय. पंधरा शब्दांच्या आत. ‘थरारक’, ‘अविस्मरणीय’, ‘ऑस्करविजेता’ हे शब्द वापरू नका. आणि ‘ज्ञानवर्धक’ तर मुळीच नाही, च्यवनप्राशाची जाहिरात वाटते. मी लिहिलेले काही फलक देते:

‘दोन मित्र पेरूच्या बर्फाळ शिखरावरून उतरताहेत. एकाचा पाय मोडलाय. दोर एकच आहे.’

‘तुमचा मित्र दोराशिवाय कडा चढतोय. कॅमेरा तुमच्या हातात आहे.’

‘हजारो जणांनी मिळून एक कण शोधला. तो सापडला नसता तर?’

हा तिसरा फसला. ‘कण’ म्हटल्यावर लोकांना धुळीचा कण वाटला. त्यावर पुढे येते.

पहिली फिल्म कुठली?

इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते स्वतःची आवडती फिल्म लावतात. मीही लावली होती. शौनक सेन यांची ‘ऑल दॅट ब्रीद्स’ ही दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांची फिल्म मला अतिशय प्रिय आहे, बरीचशी हिंदीत आहे, भाषेची अडचणही नाही. पण ती संथ आहे. कॅमेरा कचऱ्याच्या ढिगावर, डबक्यावर, उंदरांवर रेंगाळतो. चार-पाच फिल्म्स बघून डोळा सरावलेल्या माणसासाठी ती सोनं आहे. पहिल्यांदा आलेला मात्र विसाव्या मिनिटाला मोबाइल काढतो. ती सहाव्या-सातव्या खेळाला ठेवा.

पहिल्या खेळासाठी माझ्या तीन अटी आहेत. तासाभराच्या आसपासची लांबी. पहिल्या पाच मिनिटांत माणूस संकटात दिसला पाहिजे. आणि आवाज बंद करून बघितली तरी निम्मी समजली पाहिजे. कार्तिकी गोन्साल्विस यांची ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ संकटाच्या अटीत जेमतेमच बसते, पण जेमतेम चाळीस मिनिटांची आहे. मुदुमलाईच्या जंगलात हत्तीचं अनाथ पिल्लू सांभाळणारं जोडपं, बोम्मन आणि बेल्ली. भाषा तमिळ आहे, पण पिल्लाच्या अंघोळीला भाषा लागत नाही. आजी आणि नातू एकाच रांगेत बसून बघतात, आणि मिश्र वयाच्या प्रेक्षकांत ही गोष्ट फार मोलाची.

विज्ञानाकडून सुरुवात करायची असेल तर चार्ल्स आणि रे इम्स या जोडप्याची ‘पॉवर्स ऑफ टेन’ लावा. १९७७ची, नऊ मिनिटांची. शिकागोच्या तळ्याकाठी चादर पसरून झोपलेला माणूस, चौकट एक मीटरची. मग दर दहा सेकंदांनी चौकट दहापट मोठी होत जाते. सुरू करण्याआधी मुलांना विचारा: किती उड्यांनंतर अख्खी पृथ्वी दिसेल? पन्नास, शंभर, हजार अशी उत्तरं येतात. सात-आठ उड्यांत, सव्वा मिनिटातच पृथ्वी गोळा होऊन समोर येते आणि हॉलमध्ये ‘हँ?’ असा आवाज उठतो. दशमान म्हणजे काय, हे पाठ करून घेतलेल्या मुलांनाही ते तिथे पहिल्यांदा कळतं.

ट्रेकर मंडळी असतील तर ‘मेरू’ घ्या. गंगोत्रीजवळचं मेरू शिखर, २००८ मध्ये तिघं माथा शंभरेक मीटरवर दिसत असताना परत फिरले, २०११ मध्ये पुन्हा गेले. आमच्याकडे गंगोत्रीची यात्रा करून आलेले एक आजोबा होते. ‘आम्ही याच्या खालून गेलो की हो!’ असं ते मध्येच मोठ्याने म्हणाले, आणि त्या एका वाक्याने परदेशी गिर्यारोहकांची फिल्म आमची झाली.

स्वतः दोनदा बघा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा बघताना फक्त बघा. दुसऱ्यांदा घड्याळ समोर ठेवून तीन गोष्टी टिपा. कुठल्या मिनिटाला मृत्यू, रक्त किंवा शिवीगाळ आहे. पालकांना ते आधी सांगायचं असतं. पेंग्विनची फिल्म म्हणून पाच वर्षांच्या मुलांना घेऊन आलेल्या आयांना, थंडीने मेलेलं पिल्लू दिसणार आहे हे माहीत असायला हवं. दुसरं, कुठे कंटाळा येतो. तुम्हाला जिथे आला तिथे इतरांना दुप्पट येणार. तिसरं, कुठला शब्द समजला नाही. तुम्हाला अडलेला शब्द हा प्रस्तावनेचा अर्धा मजकूर असतो.

प्रस्तावना: चार मिनिटं, उभं राहून, हातात एक वस्तू घेऊन

सगळ्यात जास्त मेहनत मी इथे घेते. चांगली प्रस्तावना प्रेक्षकाच्या हातात एक प्रश्न देते आणि बाजूला होते. वाईट प्रस्तावना गोष्ट सांगून टाकते, दिग्दर्शकाचा परिचय वाचते, आणि वर ‘आपण सर्वांनी यातून काहीतरी घ्यावं’ म्हणते.

‘फ्री सोलो’चं उदाहरण घेऊ. ३ जून २०१७ला ॲलेक्स होनोल्ड हा गिर्यारोहक अमेरिकेतल्या योसेमिटीमधला एल कॅपिटन नावाचा कातळकडा दोराशिवाय एकटा चढला. चार तासांना चार मिनिटं कमी लागली. कड्याची उंची साधारण ९०० मीटर. आता ‘९०० मीटर’ म्हटलं तर कुणाच्याच डोळ्यापुढे काही येत नाही. मी सांगितलं, आपली इमारत सात मजली. अशा त्रेचाळीस इमारती एकावर एक ठेवा. मग सगळ्यांना उठवून दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर बोटांची पहिली पेरं टेकवायला लावली, नुसती टेकवायला. ‘काही ठिकाणी याच्याहून कमी जागा आहे.’ झालं. आणि शेवटी प्रश्न: मित्र पडू शकतो हे माहीत असताना तुम्ही त्याचं शूटिंग कराल का? त्याला विचलित केलं तर तुमच्यामुळेच तो पडेल, मग काय कराल? त्या फिल्ममधला एक कॅमेरामन खरोखरच पाठ फिरवतो, त्याला बघवत नाही. हे मी आधी सांगत नाही. प्रश्न डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला तो क्षण आपोआप सापडतो.

इथे शेवट फोडण्याचा मुद्दा येतो. होनोल्ड जिवंत आहे हे गुगलवर कुणालाही कळतं. ‘टचिंग द व्हॉइड’मध्ये तर जो सिम्प्सन आणि सायमन येट्स, १९८५ मध्ये पेरूतल्या सिउला ग्रांदे शिखरावर अडकलेले ते दोघं, पहिल्या मिनिटापासून कॅमेऱ्यासमोर बसून बोलत असतात. म्हणजे दोघं वाचले हे उघड आहे. तरीही सिम्प्सन हिमभेगेत पडतो तेव्हा खुर्चीच्या हातावर बोटं रुततात. खऱ्या गोष्टीत ‘काय झालं’ हे गुपित नसतंच, ‘कसं झालं’ हे असतं. म्हणून शेवट कळला तर चालतो, उपाय कळता कामा नये. थायलंडच्या गुहेची फिल्म, ‘द रेस्क्यू’, त्यात एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर येतो. तो मुलांना बाहेर काढण्यासाठी काय करतो हे प्रस्तावनेत सांगाल तर अर्ध्या फिल्मचा जीव गेला. मी इथेही सांगत नाही.

त्या फिल्मला प्रस्तावनेत मी काय सांगते? २३ जून २०१८ला मुलं आत गेली, दहाव्या दिवशी, २ जुलैला सापडली, आणि तोवर पाऊस चालूच होता. मग सांगते की त्यांना शोधून काढणारे इंग्लिश पाणबुडे नोकरीधंदा सांभाळून सुट्टीत गुहांमध्ये पोहणारे हौशी लोक होते. त्यांच्यातला एक निवृत्त अग्निशामक, एक कॉम्प्युटरवाला. हे ऐकल्यावर आपल्या लोकांना लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आठवतात, रात्री-अपरात्री दरीत उतरून अडकलेले पर्यटक वर काढणारे. आणि गुहेतलं पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते भारतातून गेले होते, हे सांगितलं की सांगलीकडची मंडळी सरसावून बसतात. मग एक पातेलं पाणी आणि दुधाचे चार थेंब. ‘आत दिसत असं होतं.’

विज्ञानपटांना वस्तू शोधणं अवघड जातं आणि तिथेच माझा तो तिसरा फलक आपटला. ‘पार्टिकल फीव्हर’ ही हिग्ज बोसॉनच्या शोधाची फिल्म, सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेची सत्तावीस किलोमीटर घेराची भुयारी कडी, ४ जुलै २०१२ची घोषणा. मी प्रस्तावनेत मूलकण समजावायला गेले. पाच मिनिटांत लोकांचे चेहरे दहावीच्या वर्गातल्यासारखे झाले. पुढच्या वेळी, एका वाचनालयात, वेगळं केलं. म्हटलं, काही शास्त्रज्ञांनी तीस-तीस वर्षं एका सिद्धान्तावर घातली आहेत. त्या कणाचं वजन ११५च्या आसपास निघालं तर एक मत जिंकेल, १४०च्या आसपास निघालं तर दुसरं, आणि हरणाऱ्याच्या आयुष्याची मेहनत वाया. तुम्ही कितीवर पैज लावाल? फळ्यावर आकडे लिहून घेतले. एकक सांगितलंच नाही, कुणी विचारलंही नाही. उत्तर किती आलं हे फिल्ममध्ये कळतं तेव्हा पैज लावलेला प्रत्येक जण पुढे वाकलेला होता. भौतिकशास्त्र समजलं का? थोडंच. पण संशोधन म्हणजे वाट बघणं असतं, हे समजलं.

परवानगी

घरच्या ओटीटी वर्गणीवर घरात बघता येतं. सोसायटीच्या हॉलमध्ये लावणं हे सार्वजनिक प्रदर्शन, त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. पहिले काही खेळ मी या बाबतीत अज्ञानातच लावले, ते तुम्ही करू नका. निर्मात्याला किंवा वितरकाला ईमेल लिहा: प्रेक्षक किती, तिकीट आहे का, तारीख कोणती. सेन्सॉर प्रमाणपत्राचंही त्याच पत्रात विचारून घ्या. छोटे निर्माते बरेचदा आनंदाने हो म्हणतात, मोठ्या कंपन्यांसाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवा. शाळा-कॉलेजांना कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना एका वेळेपुरत्या विनामूल्य शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देतं, अटी वाचून घ्या. आणि नासाचे स्वतःचे व्हिडिओ बहुतांशी मुक्त असतात. पैसे नसलेल्या मंडळाने तिथून सुरुवात करावी.

हॉल, पडदा, आवाज

चित्र थोडं फिकट असलं तर लोक सहन करतात, आवाज घुमला तर उठून जातात. स्पीकर प्रोजेक्टरजवळ नाही, पडद्याजवळ ठेवा. नाहीतर माणूस समोर बोलतो आणि आवाज पाठीमागून येतो. पंखे चालू ठेवूनच आवाज तपासा, कारण रिकाम्या, बंद पंख्यांच्या हॉलमध्ये सगळंच छान ऐकू येतं. चादरीचा पडदा असेल तर खालच्या दुमडीत काठी घाला, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने एव्हरेस्ट हलतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार-साडेचार फुटांवर हवी. सबटायटल्स खाली असतात आणि पुढच्या रांगेतली डोकीही तिथेच. शेवटच्या रांगेत बसा, पुढे एका उंच माणसाला बसवा, आणि वाचता येतं का बघा. हे मी आता न चुकता करते. एकदा पाऊण खेळ झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, ‘ताई, आम्ही मघापासून नुसते ओठ बघतोय.’

नेटवर चालवायची वेळच आणू नका. परवानगी घेतानाच फाइल मागा, लॅपटॉपवर घ्या, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवा. दोर तुटायच्या क्षणी पडद्यावर गोल फिरत राहिलेलं चक्र मी बघितलंय, आणि पाठोपाठ लाइटही गेली होती.

इंग्रजी आणि मराठीची मधली वाट

आमच्या निम्म्या प्रेक्षकांना वेगाने इंग्रजी वाचता येत नाही. सुरुवातीला मी माइक घेऊन सलग मराठी बोलत राहिले, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखी. कुणालाच काही ऐकू आलं नाही, ना फिल्म, ना मी. आता फिल्म तीन ठिकाणी थांबवते, एक-एक मिनिट. मागे काय झालं हे थोडक्यात, आणि पुढे कुणाकडे लक्ष ठेवायचं एवढंच सांगते. रसभंग होतो, मान्य. पण चाळीस माणसं फिल्मच्या बाहेर राहण्यापेक्षा तीन मिनिटांचा रसभंग परवडतो.

शब्द मात्र ओळखीचे घ्या. गिर्यारोहणाच्या फिल्मला सह्याद्रीची भाषा पुरून उरते: कातळटप्पा, सुळका, घळ, कपार, खिंड, निसरडा घसारा. ‘क्रेव्हास’ला मी ‘बर्फातली भेग’ म्हणते. ‘बिले’ (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) आणि ‘रॅपलिंग’ ट्रेकर मंडळी तशीच म्हणतात, त्यांना ‘रज्जू-अवरोहण’ सांगितलंत तर हसतील. विज्ञानात ‘कृष्णविवर’ सगळ्यांना कळतं, ‘भूल’ कळते, ‘बोसॉन’ला बोसॉनच ठेवा आणि त्यातलं ‘बोस’ हे आपले सत्येंद्रनाथ बोस, एवढं जोडा.

नंतरची पंधरा मिनिटं

‘कशी वाटली?’ असं विचारलं की ‘छान’ येतं आणि संपतं. ‘कुठल्या क्षणी तुम्ही डोळे मिटलेत?’ असं विचारा. आणि दुसरा प्रश्न, जो मला स्वतःला सगळ्यात आवडतो: ‘हे शूट कसं केलं असेल?’

यातून प्रेक्षक घडतो. ‘टचिंग द व्हॉइड’मध्ये मुलाखती खऱ्या, पण डोंगरावरची दृश्यं नटांना घेऊन पुन्हा केलेली आहेत हे कळल्यावर एक काका चिडले, ‘म्हणजे फसवलं!’ त्यावर अर्धा तास वाद झाला आणि चहा गार झाला. मग मी उत्तर कॅनडातल्या इन्युइट शिकाऱ्यावरच्या, १९२२च्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ची गोष्ट सांगितली. नायकाचं खरं नाव नॅनूक नव्हतंच. आतलं दृश्य घेण्यापुरता उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधलं होतं. लोक बंदुका वापरत असताना शिकार भाल्याने करायला लावली. १९५८च्या ‘व्हाइट विल्डरनेस’मधली समुद्रात उड्या घेणारी लेमिंग्ज, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, ही तर चक्क ढकललेली होती, आणि लेमिंग्ज सामूहिक आत्महत्या करतात हा समज पसरवण्यात त्या दृश्याचा मोठा हात आहे. उलट ‘अपोलो ११’ बघा: निवेदक नाही, आजच्या मुलाखती नाहीत, सगळं १९६९च्या वेळचं चित्रण आणि आवाज. आणि ‘फायर ऑफ लव्ह’मधली लाव्हाची दृश्यं ज्या क्राफ्ट दांपत्याने जवळ जाऊन टिपली, ते १९९१ मध्ये जपानच्या उन्झेन ज्वालामुखीपाशीच मरण पावले. पुनर्निर्मिती, बनवाबनवी आणि प्रत्यक्ष चित्रण यांतला फरक एकदा कळला की लोक घरी टीव्हीवरची सिंहाची फिल्म बघतानाही विचारतात, हरणाचा श्वास एवढ्या लांबून ऐकू कसा आला? बहुतेकदा तो नंतर स्टुडिओत घातलेला असतो.

जाताना दाराशी रिकामा बिस्किटांचा डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. पुढच्या वेळी काय बघायचं ते लिहायला सांगा, फिल्मचं नाव नको, विषय लिहा. समुद्र, सर्प, अंतराळ, भुतं, काहीही येतं. गेल्या महिन्याच्या डब्यात एक चिठ्ठी थरथरत्या अक्षरात होती: ‘गुहेचा परत लावा. मागच्या वेळी चष्मा विसरले होते.’